उपासनामंदिरात शस्त्र

अमेरिकेतील कित्येक ख्रिस्ती मंडळ्यांपुढे अलीकडे एक प्रश्न उभा राहिला आहे. तो असा की, प्रभूच्या दिवशी उपासनेस येणाऱ्या मनुष्याने कमरेस पिस्तूल लावून, ते सर्वांच्या दृष्टीस पडेल अशा रीतीने मंदिरात बसावे की नाही? ज्या देशातून १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी मुंबईस आले, त्याच देशातील आपल्या बंधूंचा हा प्रश्न आहे. म्हणून तो आपणांस अगदीच परका नाही. शिवाय, दुष्टाच्या हातून आपले व आपल्या लेकरांचे रक्षण ख्रिस्ती मनुष्याने कसे करावे, हा त्यातील मूळ प्रश्न खेड्यातील लहानशा मंडळीसही केव्हा ना केव्हा पडतोच.

प्रथम हकीकत पाहू. १७ जून २०१५ रोजी दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन शहरी, कृष्णवर्णीय लोकांच्या इमॅन्युएल मंडळीत, शास्त्राभ्यासाच्या वेळी एक अनोळखी गोरा तरुण आला. मंडळीने त्यास प्रेमाने आपल्यात बसवून घेतले. सुमारे तासभर बसल्यावर त्याने पिस्तूल काढून नऊ जणांचे प्राण घेतले. पाळक क्लेमेंटा पिंक्नी हे त्यांपैकीच एक. पुढे ५ नोव्हेंबर २०१७ रोजी टेक्सस राज्यातील सदरलँड स्प्रिंग्ज ह्या लहान गावी, रविवारच्या उपासनेत, गर्भातील एका बालकासह २६ जीव गेले. २९ डिसेंबर २०१९ रोजी त्याच राज्यात व्हाइट सेटलमेंट येथे प्रभुभोजनाच्या वेळी एकाने बंदूक काढून दोघांस मारले. परंतु मंडळीने रक्षणास नेमलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थाने काही सेकंदांतच त्यास गोळी घालून पाडले, व पुष्कळांचे प्राण वाचले. ह्या गोष्टी घडल्यावर ज्या बापाने आपल्या लेकरांसाठी शस्त्र जवळ बाळगले, त्यास दूर बसून अल्पविश्वासी म्हणणे आपणांस शोभत नाही.

पवित्र शास्त्रही रक्षणाचा सरसकट निषेध करीत नाही. रात्री घर फोडणारा चोर मारला गेला तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही. परंतु सूर्य उगवल्यावर मारला तर दोष आहे, असे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले आहे (निर्गम २२:२, ३). म्हणजे अंधारातील संकटाची गोष्ट निराळी; जेथे दुसरा उपाय आहे, तेथे चोराच्याही जिवाला मोल आहे. नहेम्याच्या काळी यरुशलेमेचा कोट बांधणारे एका हाताने काम करीत व दुसऱ्या हातात शस्त्र धरीत. पुढे ख्रिस्ती आचार्यांनीही ह्या विषयाचा खोल विचार केला. स्वतःचा जीव वाचविण्यासाठी दुसऱ्यास मारावे, हे मत ऑगस्टिनला मान्य नव्हते. मात्र शिपाई किंवा अधिकारी इतरांच्या रक्षणासाठी शस्त्र चालवितो, त्याची गोष्ट तो वेगळी मानी. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस ह्याने स्वसंरक्षण योग्य ठरविले, परंतु गरजेहून अधिक बळ वापरणे हे पाप होय, अशी मर्यादा घातली.

आता स्वतः प्रभूकडे पाहू. अटकेच्या रात्री पेत्राने तलवार उपसली व महायाजकाच्या दासाचा कान कापला. प्रभूने त्यास तलवार म्यानात घालण्यास सांगितले, आणि त्या शत्रूचा कान बरा केला (लूक २२, योहान १८). कोणी म्हणेल, पेत्र तर स्वतःसाठी नव्हे, गुरूसाठी लढत होता. तरीही त्यास मनाई झाली. हे खरे आहे. परंतु त्याच प्रसंगी प्रभूने आणखी काय केले, तेही पाहावे. धरावयास आलेल्यांपुढे स्वतः होऊन जाऊन, आपल्या शिष्यांस जाऊ द्यावे अशी त्याने मागणी केली. स्वतःचा जीव त्याने खुशीने दिला. शिष्यांचा मात्र राखला. ख्रिस्ती मनुष्यास येथे धडा मिळतो. मी माझा दुसरा गाल पुढे करावा. परंतु शेजारच्या विधवेच्या लेकराचा गाल पुढे करण्याचा अधिकार मला नाही.

तर मग पिस्तूल लावून उपासनेस बसावे काय? येथे रक्षण व प्रदर्शन ह्यांतील भेद ओळखला पाहिजे. २७ जून २००९ रोजी केंटकी राज्यातील लुइव्हिल शहरी न्यू बेथेल मंडळीच्या पाळकाने लोकांस आपापली शस्त्रे लावून मंदिरात येण्याचे आमंत्रण दिले. त्या शस्त्रांत गोळ्या नसाव्यात, अशी अट होती. ज्या पिस्तुलात गोळी नाही, त्याने कोणाचेही रक्षण होत नाही. मग ते आणले कशासाठी? दाखविण्यासाठी. आपला हक्क व आपला अभिमान लोकांपुढे मांडण्यासाठी. नागरिकाने आपला हक्क सांगण्यास इतर जागा पुष्कळ आहेत. परंतु उपासनेत जे सर्वांपुढे उंच धरावयाचे, ते केवळ ख्रिस्ताचे नाव.

शस्त्र दाखविताच दुसराही एक प्रश्न उपस्थित होतो: भय कोणाचे? त्या देशाचा जुना इतिहास येथे बोलका आहे. १६३२ साली व्हर्जिनिया वसाहतीत शस्त्र धरण्यास योग्य अशा पुरुषांनी बंदुका घेऊन मंदिरात यावे, असा कायदा होता. १७७० साली जॉर्जिया वसाहतीत गोऱ्या पुरुषांस तशीच आज्ञा झाली, कारण गुलाम उठतील ही धास्ती होती. ज्यांस साखळीत ठेवले त्यांचेच भय वाटू लागले, व ते भय रविवारी मंदिरातही बरोबर येऊन बसले. पुढे २०१५ साली चार्ल्स्टनमध्ये जे मेले, ते त्याच दास केलेल्या लोकांच्या वंशातील होते. त्यांनी तर गोऱ्या परक्यास जवळ बसविले होते. त्यांच्या दारी कोणी सशस्त्र रक्षक असता तर कदाचित काही जीव वाचले असते, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. परंतु परक्यास आत घेण्यात त्यांची चूक झाली, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? खुनानंतर दोनच दिवसांनी मृतांच्या कित्येक नातलगांनी भर न्यायालयात त्या तरुणास क्षमा केली. ती साक्ष जगभर ऐकू गेली.

जुन्या करारातील एक गोष्ट येथे मार्ग दाखविते. बालक योवाश ह्याच्या रक्षणासाठी यहोयादा याजकाने परमेश्वराच्या मंदिरात पहारेकरी उभे केले व त्यांस भाले दिले. परंतु जुलमी राणी अथल्या तेथे आली, तेव्हा तिला मंदिरात ठार मारू नये, अशी त्याने आज्ञा केली (२ राजे ११). पहारा होता, तो नेमलेला होता, एका लेकरासाठी होता. तरीही मंदिराची मर्यादा त्याने राखली.

ह्यावरून आमचे मत असे आहे की, जेथे खरे संकट आहे तेथे मंडळीने विश्वासू, संयमी व शिकविलेली माणसे कायद्यास धरून दाराशी नेमावी. त्यांनी आपले काम गाजावाजा न करता करावे, व त्याचा जाब मंडळीच्या वडिलांस द्यावा. परंतु ज्याने त्याने आपापले शस्त्र मिरवीत उपासनेस बसणे योग्य नाही. त्याने परका दारातूनच मागे फिरेल, व लेकरे देवापेक्षा पिस्तुलावर भरवसा ठेवण्यास शिकतील.

आपल्या देशात १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही. म्हणून आपल्या खेड्यातील मंदिरात हा प्रश्न पिस्तुलाच्या रूपाने सहसा येणार नाही. तो काठीच्या रूपाने येईल, शिवीच्या रूपाने येईल, किंवा भांडण झालेल्या वाड्यातील माणूस दाराशी दिसताच आपल्या मनात उठणाऱ्या संशयाच्या रूपाने येईल. उपदेशक बंधूंनो, अशा वेळी दुबळ्यांस पाठीशी घाला, गरज पडल्यास पोलिसांस वर्दी द्या, व त्यात लाज मानू नका. मात्र त्या मनुष्यास बसण्यास जागाही द्या, आणि प्रार्थनेत त्याचे नाव घेण्यास विसरू नका.