इंजिनाचा आस्रव

कर्माचा मळ कर्त्याने कोठे टाकावा, हा प्रश्न जैन दर्शनाने जितका रोखठोक विचारला आहे तितका आपल्याकडे क्वचितच कोणी विचारला असेल. कारण कर्म हा केवळ नीतीचा जमाखर्च न मानता, ते सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जडद्रव्यच असून काया, वाचा आणि मन यांच्या प्रत्येक व्यापाराबरोबर ते जीवाकडे वाहत येते, असे ते सांगते. या वाहत येण्याला तत्त्वार्थसूत्रकार उमास्वातींनी आस्रव म्हटले आहे, आणि तो ओघ अडविण्याला संवर. साध्या पेट्रोल इंजिनाला टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारे यंत्र, बसवू पाहणाऱ्या माणसापुढे हाच प्रश्न लोखंड आणि तेल यांच्या रूपाने उभा राहतो.

पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असोत, ज्वलनाच्या क्षणी थोडा वायू त्यांना चुकवून खालच्या क्रँककेसमध्ये उतरतोच. रिंगा झिजल्या की मिस्त्री 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय' म्हणतात आणि चालू इंजिनाचे तेल भरावयाचे झाकण काढून धुराचा भपका दाखवितात. निरोगी इंजिनात हा ओघ कमी असतो, इतकेच. त्यात न जळलेले इंधन, पाण्याची वाफ आणि तेलाचे तुषार असतात. पूर्वी एक नळी खाली सोडून हा सारा ऐवज रस्त्यावर लोटून देण्याची वहिवाट होती. लॉस एंजेलिसचे डोळे झोंबविणारे धुरके मोटारींच्या आणि तेलकारखान्यांच्या अशाच वाफांवर ऊन पडून तयार होते, हे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध केले. आणि पुढच्या दशकाच्या आरंभीच, इंजिनाने आपला वायू आपणच गिळून जाळावा, अशी सक्ती कॅलिफोर्नियाच्या सरकारने केली.

ज्याचे भोग त्यानेच भोगावेत, या न्यायाला धरून ही तजवीज झाली खरी. पण ती उभी आहे निर्वातावर. थ्रॉटल अर्धवट मिटलेला असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये जी ओढ असते, तीच पीसीव्ही व्हॉल्व्हवाटे क्रँककेसमधील वाफ खेचून घेते. टर्बो आला की ही ओढ, ऐन जोराच्या वेळी, दाबात पालटते. आणि व्हॉल्व्हने उलटा प्रवाह अडविला नाही, तर ज्या वाटेने मळ बाहेर जात होता त्याच वाटेने वाढीव सामर्थ्य आत शिरते. मग डिपस्टिक आपल्या नळीतून वर सरकते, क्रँकच्या सीलमधून तेल पाझरते, आणि केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली उतरणारे टर्बोचे तेल तुंबून सायलेन्सरमधून निळा धूर होऊन बाहेर पडते. ऐश्वर्य आल्यावर जुनी व्रते उलटतात, असा अनुभव माणसांच्या बाबतीतही दुर्मिळ नाही.

यावर काही जण ब्रीदर, म्हणजे क्रँककेसचा वायू बाहेर सोडणारी वाटच, बुजवून टाकतात. हा निग्रह झाला, संवर नव्हे. इंजिन चालू आहे तोवर वायू उतरणारच, आणि वाट न मिळाल्यास तो सील फोडून ती करून घेईल. संपूर्ण निरोध जैनांनीही सर्व व्यापार थांबलेल्या अयोगी केवलीच्या चौदाव्या गुणस्थानालाच, म्हणजे आत्म्याच्या चढणीच्या शेवटच्या पायरीलाच, मान्य केला आहे, आणि ती अवस्था बंद इंजिनाची. जाणते कारागीर मॅनिफोल्डच्या वाटेवर एकमार्गी व्हॉल्व्ह बसवितात, आणि दुसरी नळी एअर फिल्टर व टर्बो यांच्या दरम्यान, म्हणजे दाब वाढत असतानाही जेथे किंचित ओढ टिकून असते, तेथे जोडतात. एवढ्यानेही भागत नाही. तेलाचे तुषार दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला लेप देतात आणि इंधनाचा नॉकविरोध, म्हणजे अवेळी भडकण्याला असलेला विरोध, घटवितात, तोही दाब सर्वांत जास्त असताना. म्हणजे स्वतःचा भोग स्वतः घेणे हेच पिस्टनच्या जिवावर बेतू शकते. यास्तव वाटेत कॅच कॅन ठेवून तेल व पाणी वेगळे काढावे लागते.

मला येथे संवराच्या साधनांत गणलेल्या पाच समितींपैकी, म्हणजे सावध वर्तनाच्या नियमांपैकी, शेवटची, उत्सर्ग समिती, फार महत्त्वाची वाटते. देहाचा मळ टाकण्यापूर्वी ती जागा जीवजंतूविरहित आहे की नाही, हे मुनीने पाहून घ्यावे, एवढा साधा दंडक. पण मळ निर्माण होतो हे कबूल करून त्याच्या शेवटच्या मुक्कामापर्यंतची जबाबदारी तो कर्त्याच्या पदरात टाकतो. चकचकीत ॲल्युमिनियमचा कॅन निवडण्यात हौशी मंडळी दिवस घालवितात. त्यात साठणारा, पेट्रोलचा वास मारणारा गढूळ द्रव मात्र जळके तेल गोळा करणाऱ्याकडे न जाता पुष्कळदा गटारात ओतला जातो, आणि रस्त्यावर सोडलेली ती जुनी नळी हप्त्याहप्त्याने पुन्हा सुरू होते.