ती मेल कोण उघडतो?

वाचनालयाच्या किंवा साहित्यसंस्थेच्या संकेतस्थळाचे उद्घाटन थाटात होते. नारळ फुटतो, पाहुणे बटण दाबतात, स्थानिक पुरवणीत फोटो येतो. त्याच्या बॅकअपचे काम मात्र ‘त्या वेबसाइटवाल्या मुलावर’ सोपवलेले असते. त्याने एक प्लगइन बसवून दिलेले असते. रोज रात्री सगळ्या फायली गुंडाळून दूरच्या सर्व्हरवर पाठवायच्या, एवढेच त्याचे काम. मग एका रात्री जोडणी होत नाही आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ अशी मेल येते. दुसऱ्या रात्री पुन्हा तीच. ती जिथे येते तो पत्ता मागच्या कार्यकारिणीतल्या चिटणीसांचा असतो.

सर्व्हर बिचारा आपली अडचण बऱ्यापैकी स्पष्ट सांगत असतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे यंत्र सापडले, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही किंवा दार मुद्दाम लावलेले आहे. ‘टाइमआउट’ म्हणजे उत्तरच आले नाही. बहुधा वाटेतल्या फायरवॉलने निरोप गिळला. ५३० हा आकडा आला तर लॉगिन नाकारले गेले, म्हणून आधी नाव आणि पासवर्ड तपासावेत.

सगळ्यात जास्त छळते ते वेगळेच. लॉगिन होते, पण फायलींची यादी येता येत नाही. याचे मूळ एफटीपी या फायली पाठवण्याच्या पद्धतीच्या जन्मात आहे. आयआयटी कानपूरमधून शिकून अमेरिकेत एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी १९७१ मध्ये या पद्धतीचा पहिला आराखडा लिहिला. ती दोन जोडण्यांवर चालते. आज्ञा एका वाटेने जातात, सहसा २१ क्रमांकाच्या पोर्टवरून. फायली दुसऱ्या वाटेने. जुन्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ रीतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर उलट आपल्याकडे करतो, आणि अनोळखी यंत्र आत येते आहे असे पाहून आपली फायरवॉल तिला अडवते. उपाय साधा आहे: ‘पॅसिव्ह’ रीत निवडायची आणि तिला लागणारे पोर्ट सर्व्हरच्या बाजूला उघडायला होस्टिंगवाल्याला सांगायचे. त्याहून बरे म्हणजे एसएफटीपीवर जायचे. ती सहसा २२ क्रमांकाच्या एकाच पोर्टवर भागवते आणि सगळे सांकेतिक रूपात पाठवते.

पण आपल्याकडे उपाय म्हणून काय होते? फायरवॉलच बंद केली जाते. फोल्डरला ७७७ परवानगी दिली जाते, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या कोणीही यावे आणि लिहून जावे. पासवर्ड कार्यकारिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो. एसएफटीपी जमले नाही की साध्या एफटीपीवर परत, जिथे पासवर्ड उघड्या अक्षरांत प्रवास करतो. फिनलंडमध्ये विद्यापीठाच्या जाळ्यावर असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा १९९५ मध्ये तातू इल्योनेन यांनी एसएसएच ही सुरक्षित जोडणीची पद्धत लिहिली. एसएफटीपी तिच्याच आधाराने चालते. आपल्या बॅकअपच्या फायलींत सभासदांचे पत्ते आणि फोन असतात. आपला कंटाळा वाचावा म्हणून ते उघड्यावर टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हा निष्काळजीपणा लहानांचाच असतो असेही नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि सुमारे ३०० जीबी माहिती पुसली गेली. बॅकअप शोधू गेले तर जागा रिकामी. बॅकअप घेणारे साधन डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचे होते, म्हणून ते रोज नापास होत होते. त्याच्या इशाऱ्याच्या मेलही निघत होत्या, पण पलीकडच्या मेलव्यवस्थेने त्या नाकारल्या होत्या. दुसऱ्याच कामासाठी कोणी तरी सहा तास आधी घेतलेली प्रत हाताशी होती, म्हणून ते वाचले. त्यांनी पुढे जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते. सारा वृत्तान्त त्यांनी जगापुढे मांडला, दुरुस्तीही लोकांना थेट पाहू दिली, आणि त्या अभियंत्याचे नाव मात्र वृत्तान्तात घातले नाही. आपल्याकडे आधी नाव शोधले असते आणि वृत्तान्त दाबला असता.

१० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळून गेले. ज्यांचे संकेतस्थळ आणि बॅकअप दोन्ही त्याच इमारतीत होते, त्यांच्या हाती काही उरले नाही. जोडणीची कटकट नको म्हणून बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सार्वजनिक न्यासाला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, कारण पैसा लोकांचा असतो. जुने अंक, दुर्मीळ छायाचित्रे, देणगीदारांची नोंद हेही लोकांचेच धन आहे. त्याची तपासणी कोणी मागत नाही. ‘यशस्वी’ अशी हिरवी खूण पाहून समाधान मानणे पुरेसे नाही. प्रत उतरवून घ्यावी, दुसऱ्या यंत्रावर उभी करावी, एखादा जुना अंक उघडतो का ते पाहावे.

म्हणून पुढच्या सभेत अध्यक्षांनी विचारावे: गेल्या महिन्याचा बॅकअप उघडून कोणी पाहिला? त्या व्यक्तीचे नाव इतिवृत्तात लिहावे आणि नापास झाल्याची मेल चालू चिटणीसांकडे वळवावी. नाव निघाले नाही, तर संकेतस्थळाच्या नव्या सजावटीचा खर्च मंजूर करू नये.