कानाची विद्या आणि अक्षराची विद्या

श्रीक्षेत्र देहू म्हटले की आम्हां वारकऱ्यांच्या डोळ्यांपुढे इंद्रायणीचा डोह आणि भंडाऱ्याचा डोंगर उभा राहतो. परंतु सज्जनहो, देहू हे आधी एक खेडे होते. तेथे महाजन होता, कुळकर्णी होता, कुणबी, तेली, महार होते. उधारी होती, दुष्काळ होता. अशा खेड्यात शहाणा कोणाला म्हणावे, एवढाच प्रश्न आज घेऊ.

आमच्या मंडळींचे उत्तर तयार असते. ‘अहो, आमचा आजा अंगठेबहाद्दर, पण अभंग विचारा, शेकड्यांनी तोंडपाठ!’ हे खोटे नाही. कीर्तनकाराचा चरण अडला की मागे बसलेला निरक्षर कुणबी तो पुरा करून देतो, हे आम्ही कितीदा पाहिले आहे. त्याला अडाणी म्हणणाऱ्याची कीव करावी. बायाबापड्यांनी जात्यावर हीच विद्या सांभाळली. ही कानाची विद्या. तिला फी नाही, पाटी नाही, जातीची अट नाही असे आपण म्हणतो. तरी पंढरीचे देऊळ हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावे लागले, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

पण एवढ्या विद्येवर गावाचे भागते काय? तुकोबारायांचे चरित्रच बघा. इंद्रायणीत दोनदा कागद बुडाले, असे परंपरा सांगते. पहिल्यांदा महाराजांनी आपल्या वाट्याची खते स्वतः बुडवली. घराणे सावकारीचे, १६३० च्या दुष्काळाने कुळे आधीच मेल्यासारखी झाली होती, ऋणको मोकळे झाले. दुसऱ्यांदा अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या, कारण ज्याला अधिकार नाही त्याने वेदार्थ मराठीत बोलू नये, असा आक्षेप आला. आक्षेप घेणारे वाघोलीचे रामेश्वरभट्ट पुढे महाराजांचेच शिष्य झाले. एक कागद कुणब्याला बांधणारा, दुसरा सोडवणारा. दोन्ही कागदच! आणि अभंग कागदावर उतरवणारे टाळकरी कोण? एक गंगाराम मवाळ, ब्राह्मण. दुसरे चाकणचे संताजी जगनाडे, तेली. संताजींची समाधी जवळच सुदुंबऱ्यास आहे. तेल्याच्या हाती लेखणी होती, म्हणून केवढे धन राखले गेले, याचा विचार आम्ही फारसा करीत नाही.

पुढे काय झाले? लेखणी पुन्हा चारदोन घरांतच राहिली. पंतोजी ओसरीवर धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत, पावकी-निमकी घोकवीत. पोरे बहुतेक ब्राह्मण, वाणी, सोनारांची. कुणब्याचा पोर गुरांमागे, आणि महाराच्या पोराला ओसरीच नव्हती. ज्याला वाचता येत नाही त्याने अंगठा उठवायचा. मग खतात काय लिहिले ते सावकाराला ठाऊक आणि देवाला ठाऊक. ह्याच पुणे जिल्ह्यात, सुपे गावी, १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला; तो दंगा गावोगाव पसरला आणि खते-दस्तऐवज हिसकावून जाळण्यात आले. सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. त्या शेतकऱ्यांत माळकरी किती असतील! अभंग पाठ होते, खत मात्र वाचता येत नव्हते. म्हणून आम्हांस वाटते की कानाची विद्या माणसाचे मन राखते, पण त्याचे शेत राखायला अक्षर लागते. ‘आपल्याला काय करायची शाळा, नाम आहे ना’ हे बोलणे ज्याच्या घरी कुळकर्णीपण आहे त्याला परवडते.

विष्णुबुवा जोग महाराजांनी हे ओळखले. त्यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. कीर्तनाला बसणाऱ्याने ग्रंथ स्वतः उघडून वाचावा, ही ती रीत. देहूहून आळंदी जवळच.

आणि आता जरा कठीण गोष्ट. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा घरून आणलेल्या तरटावर वेगळा बसत असे. घर कबीरपंथी, भजन रोजचे. त्या मुलाने १९२० साली ‘मूकनायक’ पत्र काढले, तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचाच अभंग होता. १९४८ साली त्यांनी अस्पृश्यांविषयीचा इंग्रजी ग्रंथ तीन संतांना अर्पण केला. त्यांतले एक आपले चोखोबा. म्हणजे देहूचा आणि मंगळवेढ्याचा शब्द त्या तरटापर्यंत पोचला होता. वर्गातले तरट मात्र उचलले गेले नव्हते.

२५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. देहूचे देऊळ तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. एवढे जवळ येऊन ही माणसे आपल्या टाळ-मृदंगाकडे का वळली नाहीत, असे आम्हांला कोणी कोणी विचारतात. विचारणाऱ्याने आधी आपल्या गावच्या शाळेचे जुने हजेरीपट पाहावेत: त्यांत कोणाची नावे आहेत, कोणत्या सालापासून आहेत, आणि ती पोरे बसत कोठे, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावे.