देहाचा आप-पर भाव

कर्करोगाविषयी बोलताना ‘शत्रू’, ‘आक्रमण’, ‘लढा’ हे शब्द आपल्या तोंडी इतके रुळले आहेत की, ज्या पेशीविरुद्ध हा लढा द्यावयाचा ती बाहेरून आलेली नसून आपल्याच देहात जन्मलेली व आपल्याच अन्नरसावर पोसलेली आहे, ही गोष्ट आपल्या मनाआड होते. क्षयाचा जंतू परका असतो. कर्कपेशी परकी नसते. म्हणून या व्याधीच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो वैद्यकाचा आहे तितकाच तत्त्वज्ञानाचाही आहे : देहात आपले कोण व परके कोण याचा निवाडा कोण करतो, आणि त्या निवाड्यात मनुष्याने हात घालावा काय?

वेदान्ताने या प्रश्नाची एक बाजू फार पूर्वीच निकालात काढली. गीतेच्या तेराव्या अध्यायाने देहाला क्षेत्र म्हटले आणि त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. आणि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याचा आरंभच अध्यासाच्या विवेचनाने केला, कारण देहाचे धर्म आत्म्यावर लादणे हेच त्यांच्या मते साऱ्या अनर्थाचे बीज होते. रुग्णशय्येवर पडलेल्या माणसाला या विचाराने येणारा धीर मी तुच्छ लेखीत नाही. त्या धीराच्या बळावर शांतपणे मृत्यूस सामोरी गेलेली माणसे आपल्या घराघरांत होऊन गेली आहेत. परंतु देहाला ‘मी’ म्हणणारा अहंकार भ्रमरूप मानला, तरी त्या अहंकाराला दादही न देता निद्रेत, मूर्च्छेत आणि तान्ह्या वयातही जो आप-पर भाव देहात अखंड जागा असतो, त्याची व्यवस्था या उत्तराने लागत नाही.

हा भाव येतो कोठून? १९४५ साली रे ओवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाला जुळ्या वासरांच्या रक्तात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. गर्भावस्थेत दोघांच्या वारेतील रक्तवाहिन्या परस्परांस जोडल्या गेल्यामुळे प्रत्येकाच्या अंगात दुसऱ्याचे रक्त शिरले होते, आणि वाढ पूर्ण झाल्यावरही प्रत्येकाच्या रक्तात भावंडाच्या तांबड्या पेशी बिनतक्रार नांदत होत्या. एरवी परक्या पेशींचा फडशा पाडणाऱ्या देहाने त्यांना आपले मानले होते, ते केवळ वेळेवर ओळख झाली म्हणून. पुढे पीटर मेडावर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली उंदरांच्या गर्भात दुसऱ्या वंशाच्या पेशी टोचून, मोठेपणी त्याच वंशाची त्वचा त्यांच्या अंगी रुजते हे दाखविले. आणि १९६० साली बर्नेट या दुसऱ्या शास्त्रज्ञासह मेडावर यांना या सहिष्णुतेच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. मला या प्रयोगांचे महत्त्व कोणत्याही दर्शनग्रंथाहून कमी वाटत नाही. देहाचे आपलेपण ही जन्मजात मिरास नसून ती शिकलेली गोष्ट आहे, एवढे त्यांनी निर्विवाद सिद्ध केले.

हे शिक्षण मोठे कठोर असते. छातीच्या अस्थीमागील थायमस ग्रंथीत टी-पेशींची, म्हणजे देहाचा प्रतिकार करणाऱ्या रक्तपेशींची, पारख होते, आणि स्वकीयांवरच झडप घालू पाहणाऱ्या पेशी तेथेच नष्ट होतात. त्यांतूनही ज्या निसटतात त्यांना आवर घालणारे रोध देहाने ठेवले आहेत. अशा रोधांपैकी पीडी-१ या रेणूचा अभाव ज्या उंदरांत तासुकु होंजो यांनी घडवून आणला, त्या उंदरांच्या प्रतिकारशक्तीने कालांतराने स्वतःच्याच देहावर हत्यार उचलले. कर्कपेशी नेमका याच आवराचा फायदा घेते : आपल्या पृष्ठभागावर अभयाची खूण मिरवून ती टी-पेशीला निष्क्रिय करते. जेम्स ॲलिसन व होंजो यांनी हे रोध उठविण्याचा मार्ग दाखविला आणि २०१८ चे नोबेल त्यांना मिळाले. मात्र रोध सर्व देहात एकदम उठला की आतडे, अवटु ग्रंथी, फुफ्फुस, क्वचित हृदयसुद्धा त्या क्षोभाला बळी पडते.

येथे अब्जांश-तंत्रज्ञानाचे, म्हणजे ज्याला आज सर्वत्र नॅनोतंत्रज्ञान म्हणतात त्याचे, प्रयोजन उत्पन्न होते. सुमारे शंभर नॅनोमीटर व्यासाचा, केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी लहान असा स्निग्ध कण घ्यावा, त्यात रुग्णाच्याच गाठीतील विकृत प्रथिनांचा आलेख आरएनएच्या रूपाने भरावा, आणि तो शिरेवाटे सोडावा. असे कण थेट गाठीपर्यंत धाडण्याची उमेद पूर्वी फार होती. परंतु प्राण्यांवरील दहा वर्षांच्या प्रयोगांचा २०१६ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणारा मध्यक हिस्सा अवघा ०.७ टक्के भरला. त्याच वर्षी जर्मनीतील संशोधकांनी दाखविले की, कणांतील स्निग्धाचे प्रमाण घटवून त्यांचा विद्युत्भार किंचित ऋण केला, एवढ्यानेच ते प्लीहेकडे वळतात आणि तेथील, टी-पेशींना धडे देणाऱ्या, पेशींच्या हाती पडतात. मारेकरी गाठीकडे पाठविण्याऐवजी पारख करणाऱ्याकडे दाखला रुजू करावा, असा हा बदल आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या सोळा रुग्णांना न्यूयॉर्क येथे अशी लस इतर औषधांच्या जोडीने दिली असता आठांच्या टी-पेशींनी ती ओळख पटवून घेतली, आणि सुमारे दीड वर्षाच्या पाहणीत त्या आठांत रोग उलटला नव्हता. सोळा ही संख्या लहान आहे आणि तिच्यावर मोठी इमारत उभारणे गैर होईल. तथापि स्वादुपिंडाचा कर्करोग ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला या आठांचे मोल सांगावे लागत नाही.

आता आक्षेप असा येतो की, ईश्वराने किंवा निसर्गाने आखलेली आप-पराची रेषा मनुष्याने नव्याने आखणे हा अतिक्रम नव्हे काय? माझे उत्तर स्पष्ट आहे. जी रेषा वासराच्या गर्भात भावंडाच्या रक्ताने बदलते, जी रेषा गर्भवतीच्या देहात पित्याच्या अंशाला नऊ महिने थारा देते, ती कोणाच्या हुकमाने कायमची आखलेली नाही. ती शिकण्यावर अवलंबून आहे, आणि जेथे शिक्षण आहे तेथे शिकविणाऱ्याचा हस्तक्षेप अधर्म ठरत नाही. अधर्म होतो तो प्रमाण सुटल्यावर. कर्कपेशीला धरण्याच्या भरात निरोगी आतड्याचा नाश पत्करणे, किंवा औषधाची किंमत अशी ठेवणे की शेकडा नव्वदांना त्याचे दर्शनही घडू नये, ही दोन्ही प्रमाण सुटल्याचीच उदाहरणे होत.

या दृष्टीने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एक प्रयोग मला विशेष आदरणीय वाटतो. डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या रुग्णांना तेथील वैद्यांनी निवोलुमॅब हे रोध उठविणारे औषध प्रचलित मात्रेच्या दशांशाहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून वीस मिलिग्रॅम, इतकेच तोंडी औषधांच्या जोडीला दिले; तेव्हा वर्षअखेर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. यात नॅनोतंत्रज्ञान नव्हते, अल्प मात्रेचा विचार होता. योग्य ठिकाणी, योग्य तितकेच पोहोचविणे हे तर अब्जांश-कणाचे मूळ ब्रीद आहे. म्हणून आपल्या प्रयोगशाळांना आणि त्यांना अनुदान मंजूर करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे की, नव्या कणाची तजवीज करताना तो किती प्रबळ आहे याच्या आधी तो औषधाची मात्रा किती घटवितो आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात कोणत्या दराने मिळेल, हे दोन प्रश्न प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर विचारले जावेत.