न पाहिलेल्या लढाईचा पोवाडा

वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांनी १९४३ च्या सुमारास स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. पुढे तो रशियन भाषेतही गेला, पण ते स्वतः रशियाला गेले ते थेट १९६१ मध्ये. न पाहिलेल्या लढाईचं गाणं खरं कसं मानायचं? न्यायशास्त्र प्रत्यक्षाबरोबर अनुमान, उपमान आणि शब्द हीही प्रमाणं मानतं; शब्द म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. पोवाडा उभाच असतो या शब्दावर. ऐकणाऱ्यांपैकी कुणीही अफजलखान पाहिलेला नसतो. डफावर थाप पडते, झीलकरी शेवटची ओळ उचलून ‘जी जी’ धरतात, मध्येच शाहीर गाणं थांबवून प्रसंग समजावतो, आणि लोक माना डोलावतात त्या त्याच्यावर विसंबून. अण्णाभाऊंच्या गाठीशी उपमानही होतं, म्हणजे सारखेपणावरून ओळखणं. मुंबईच्या गिरणीत राबलेल्या माणसाला स्टालिनग्राडमध्ये ट्रॅक्टरच्या कारखान्यासाठी लढणारा कामगार कळायला व्होल्गा पाहावी लागत नाही.

खरा आक्षेप पाटणकडचा माणूस घेईल. ऑगस्ट १९४२ मध्ये स्टालिनग्राडवर बॉम्ब पडत होते, त्याच महिन्यात इकडे पाटणच्या कचेरीवर मोर्चा गेला. पुढे साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं, आणि वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. अण्णाभाऊंचा कम्युनिस्ट पक्ष मात्र युद्धाला लोकयुद्ध म्हणत ‘चले जाव’पासून दूर राहिला. मग हा पक्षाचा प्रचारच नव्हे का? होय, प्रचार होताच. पण शिवकाळातल्या शाहीर अज्ञानदासाचा अफजलखानाचा पोवाडाही जिजाबाईंच्या सांगण्यावरून झाला असं म्हणतात, म्हणून कुणी तो खोटा ठरवत नाही. कुणी गायला लावलं यापेक्षा कशाची ग्वाही दिली, हे पाहायला हवं. स्टालिनने जुलै १९४२ मध्ये माघारीवर बंदी घातली आणि पळणाऱ्यांना गोळ्या घालायची तजवीज केली. हे पक्षाच्या सांगण्यातून शाहिरापर्यंत येणं कठीण होतं, कारण सांगणाराच हितसंबंधी होता. म्हणून राजवटीच्या गौरवापुरतं शब्दप्रमाण लंगडं पडतं. कामगारांच्या झुंजीबद्दलचं तसं पडत नाही, कारण त्याला स्वतःच्या जगण्यातून आलेलं दुसरं प्रमाण जोडलेलं आहे.

अण्णाभाऊ रशियाला गेले त्याच वर्षी त्या शहराचं नाव बदलून व्होल्गोग्राड झालं; पोवाड्याला त्यानं बाधा आली नाही. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला याचा आनंद मानावा, पण तो पोवाड्याच्या बाजूचा पुरावा म्हणून पुढे करू नये. पुतळ्यांत सरकारी मैत्रीचा वाटा मोठा असतो.