सोडलेली ट्रॉली

सुपरमार्केटमधलं सामान गाडीत भरल्यावर ट्रॉली जागेवर नेऊन लावली, तर कोणी शाबासकी देत नाही. तशीच सोडली, तर कोणी पकडत नाही. म्हणून ट्रॉली परत लावणं हीच चांगुलपणाची खरी कसोटी, असा एक निनावी मजकूर २०२० साली इंटरनेटवर खूप फिरला. कल्पना जुनीच आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये ग्लॉकन अदृश्य करणाऱ्या अंगठीची गोष्ट सांगून हेच विचारतो: कोणी पाहणारच नसेल, तर माणूस न्यायाने का वागेल?

मला ही कसोटी अपुरी वाटते. तिने गृहीत धरलेला माणूस गाडीवाला आहे आणि ट्रॉली लावायची जागा त्याच्यापासून वीस पावलांवर आहे. ऑस्ट्रेलियातल्या शहरांत मात्र ट्रॉल्या दुकानापासून लांब, वस्तीतल्या फुटपाथवर, बसथांब्यापाशी, ओढ्यातही सापडतात. त्या तिथवर ढकलत नेणाऱ्यांत गाडी नसलेली माणसंही असतात. आठवड्याचं सामान, सोबत लहान मूल आणि घर किलोमीटरभर दूर. ट्रॉली परत करायची तर तेवढंच अंतर पुन्हा जायचं आणि यायचं. एकाच कृतीची किंमत एकाला वीस पावलं आणि दुसऱ्याला अर्धा तास पडत असेल, तर परीक्षा चारित्र्याची होते की परिस्थितीची?

तरीही प्रश्न मिटत नाही. फुटपाथवर आडव्या पडलेल्या ट्रॉलीमुळे व्हीलचेअरवरच्या माणसाला रस्त्यावर उतरावं लागतं. ती कोणी, कोणत्या अडचणीत सोडली, याने त्याची वाट मोकळी होत नाही.

जर्मनीत नाणं घातल्याशिवाय बहुतेक ठिकाणी ट्रॉली सुटत नाही. परत लावली की नाणं मिळतं. हे उपयोगी आहे, पण त्यामुळे कर्तव्याला भाव येतो. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी यांनी २००० साली इस्रायलमधल्या हायफाच्या पाळणाघरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावल्यावर उशीर वाढला आणि दंड काढल्यावरही कमी झाला नाही. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याचा संकोच होता. नंतर तो वेळ जणू विकत मिळू लागला.

प्रोग्रॅममध्ये वापरून झालेली मेमरी आजच्या बऱ्याच भाषांत गार्बेज कलेक्टर परत घेतो, म्हणून आम्ही तिचा फारसा विचार करत नाही. फुटपाथवर मात्र ते काम माणूस करतो, उन्हात ट्रॉल्या गोळा करत फिरणारा.

'कोणी पाहत नसताना मी कसा वागतो?' हा प्रश्न शेवटी स्वतःभोवतीच फिरतो. 'मी सोडलेलं कोण उचलतं?' असं विचारलं की दुसरा माणूस दिसतो. मग गाडीवाल्याने वीस पावलं चालावं, पायी जाणाऱ्याने निदान ट्रॉली वाटेतून बाजूला लावावी आणि दुकानाने ती वेळेवर उचलावी. न्यू साउथ वेल्सच्या २०२१च्या कायद्याने दुकानांवर ती जबाबदारी टाकलीच आहे. वाटे सारखे नाहीत, पण कोणाचाही वाटा शून्य नाही.