मोती कसा आहे?



दसरा झाला की परंडा तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि शिकलेली मुले तर कधीच पुण्याला गेलेली असतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि दारातला कुत्रा. पुढे आईचे गुडघे थकतात, मुलगा तिला फ्लॅटवर नेतो आणि दहा-बारा वर्षांच्या मोतीला शेजारच्या वस्तीवर देतो. यात त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. आईची सोय झाली, मोतीला भाकरी मिळाली.

प्रश्न त्यानंतरचा आहे. आई विचारते, "मोती कसा आहे?" घरचे म्हणतात, "मजेत आहे." वस्तीवर फोन कोणीच केलेला नसतो. कधी कधी मोती जिवंतही नसतो.

प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. सांभाळाची जबाबदारी असताना वृद्धाला टाकून देणे २००७ च्या कायद्याने गुन्हा आहे. दोघांची पोटे भरली की कायद्याचे काम संपते. त्यांच्यातल्या नात्याचे काय, हे त्याने आपल्यावर सोडले आहे.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली गरिबाच्या मेंढीची गोष्ट आठवा. ती त्याच्या ताटातले खाई, त्याच्या कुशीत निजे. दावीद चौपट भरपाईचा हुकूम सोडतो, पण रिकाम्या झालेल्या कुशीची भरपाई चार मेंढ्यांनी कशी होणार?

"माणसांना औषधाला पैसे नाहीत आणि कुत्र्याचे कसले लाड?" असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. प्राण्यांना विनाकारण दुःख देऊ नये, तसेच माणसांच्या दैन्यासाठी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळू नये, अशा दोन्ही गोष्टी कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ एकाच परिच्छेदात (२४१८) सांगतो. पण आठवड्याला एक फोन म्हणजे उधळपट्टी नव्हे.

दुसरी अडचण अधिक खरी आहे. "भेट घडवली तर आई रडेल, कुत्राही दोन दिवस जेवणार नाही." होईलही तसे. पण ते रडणे टाळायचे की नाही, हे आईला विचारले का? बहुतेक वेळा आपण स्वतःला वाचवतो आणि नाव तिचे घेतो. मोती गेला तर तेही तिला सांगावे. जिने नवरा मातीला दिला, तिला हे सोसणार नाही हे आपण कशावरून ठरवतो?

इंग्लंडमध्ये १९८५ पासून सिनॅमन ट्रस्ट ही संस्था हेच काम करते. मालक वृद्धाश्रमात गेला तर त्याच्या प्राण्याला घर मिळवून देते आणि भेटी, फोटो, पत्रे यांतून दोघांचा संबंध टिकवते. आपल्याकडे त्यासाठी संस्थाही नको, वस्तीवरच्या पोराचा मोबाईल पुरे. फोटोने समाधान होईल ते आईचे. मोतीचे सगळे जग वासाचे, आणि मोबाईलला वास नसतो. म्हणून आईचे जुने, न धुतलेले लुगडे त्याच्या जागेवर अंथरायला पाठवावे.

दिवाळीला गावी येताना आईला वस्तीवर घेऊन जा. म्हाताऱ्या कुत्र्याला नीट दिसत नाही, ऐकूही कमी येते. एकदम अंगावर हात टाकला तर तो दचकतो. आईला खाली बसू द्या, तिचा हात त्याच्या नाकापुढे धरू द्या, आणि निघायची घाई करू नका.